पोस्त मागणारी कमळी

खांदा कॉलनी, नवीन पनवेल
३ एप्रिल २०२५

नीलेशदादा,

फाडायचं असेल तर आधी वाच आणि मग फाड. तुझा फोन पूर्वी वाजायचा तरी, आता लागतच नाही. म्हणून माझ्या कामाच्या घरच्या सुमतीकाकूंकडून कागद मागून घेतला आणि त्यांच्याच स्वयंपाकघरात बसून लिहितेय. काशीरामच्या टेम्पोला उरण-द्रोणागिरीची भाडी असतात, तो तुझ्या यार्डाच्या गेटवर देईल. त्याला बोल लावू नकोस. मी हात धुऊन मागे लागले म्हणून तो तयार झाला.

कमळीला नेलं, दादा. तुझ्या पोरीला गाडीत बसवून नेलं. मंगळवारी सिग्नलवर भीक मागणारी पोरं उचलायची मोहीम होती. पोलीस होते, कुठल्याशा संस्थेच्या बाया होत्या, फोटो काढणारेही होते. त्यांच्या हाती कमळी लागली. जनीवहिनी खोपटात पडून होती आणि मी इथे कामावर. आम्हाला कळलं तोवर गाडी निघून गेली होती. आता ती बालगृहात आहे आणि तिचं पुढे काय करायचं ते बालकल्याण समिती ठरवणार.

तू म्हणशील, माझी पोर भीक कशी मागेल? तेच मी सगळ्यांना ओरडून सांगत होते. पोस्त मागत होती ती, शिमग्याचं पोस्त! समितीच्या अरुंधती मॅडम विदर्भातल्या, त्यांना आपल्याकडचं हे ठाऊक नाही. मी समजावलं, की मॅडम, आमच्या वाडीवर शिमग्यात पोरं तोंडं रंगवतात, रस्त्यावर दोरी आडवी धरतात आणि गाडी आली की पोस्त मागतात. गाडीवाला हसतो, हातावर काहीतरी ठेवतो, मग दोरी खाली. तलाठी असो नाहीतर आमदार, थांबावंच लागतं. वर्षभर आम्ही ज्यांच्या गाड्यांना वाट देतो, त्यांना तेवढे दिवस आमच्यासाठी थांबावं लागतं. त्याला आमच्यात कुणी भीक म्हणत नाही. मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं आणि वहिनीला आत बोलावलं.

तिथे आपल्या वहिनीने घोळ केला. मॅडमनी विचारलं, "मुलगी रस्त्यावर पैसे मागते का?" वहिनीला वाटलं, या पोस्ताचंच विचारतायत. ती एकदम खुलली. म्हणाली, "हां, मागते की. मी बी मागायची, माजी आय बी मागायची. आमच्यात पोर चालाया लागला का दोरीला हात लावतोच." शेजारी बसलेली बाई भराभर लिहीत होती. मॅडम म्हणाल्या, "म्हणजे तुम्हीच पाठवता तिला?" "मंग कोन पाठवनार? मीच तर तोंड रंगवून देते." मी दारातून खुणा करत होते, पण ती माझ्याकडे बघेल तर ना! झालं. तीन पिढ्यांपासून भीक मागणारं घर, आणि आईच मुलीला रस्त्यावर पाठवते. बाहेर आल्यावर मला म्हणते कशी, "चांगली हाय गो बाई. सगळा इचारला तिनं." तिला मी काय बोलू?

आईच्या ताब्यात मुलगी देता येणार नाही असं आता समितीचं म्हणणं आहे. त्यांनी विचारलं, बाप आहे का? त्याला कायमचं काम आहे का? राहायला पक्की खोली आहे का? मी सगळ्याला हो म्हणून आले. तुला न विचारता म्हणून आले. म्हटलं, ट्रेलरवर ड्रायव्हर आहे, द्रोणागिरीला राहतो, लेकीवर जीव आहे त्याचा. सतरा तारखेला सुनावणी आहे. आधार कार्ड आण, यार्डाचा पास आण आणि ये. तू आला नाहीस तर तिला लांबच्या एखाद्या संस्थेत पाठवतील आणि ती मोठी होईपर्यंत तिथेच ठेवतील. सात वर्षांची आहे रे ती.

तुझ्या खोलीत आणखी कोण राहतं ते मी विचारणार नाही. वहिनीही विचारणार नाही, तिला मी तशी ताकीद दिली आहे. तू फक्त ये.

दिपा


खांदा कॉलनी
८ एप्रिल

दादा,

काशीराम सांगत होता, तू पत्र घेतलंस, उभ्या उभ्या वाचलंस आणि खिशात घातलंस. मी विचारलं, "काय बोलला?" तर म्हणे, "काय नाय. चाय पाजली." वा रे वा! पोर कोंडलेली आहे आणि तू पत्र आणणाऱ्याला चहा पाजतोस. मीही येते एकदा, मलाही पाज.

रविवारी आम्हाला कमळीला भेटू दिलं. वहिनीला पाच मिनिटं, तीही बालगृहाची बाई समोर बसलेली असताना. केसांत उवा होत्या म्हणून कमळीचे केस कापलेत. तिला वाईट ठेवलंय असं मी खोटं लिहिणार नाही. डाळभात मिळतो, अंडं मिळतं, अंगावर धड फ्रॉक होता. पण ती वहिनीच्या मांडीत शिरली आणि तिथून उठेना. वेळ संपल्यावर बाईने तिची बोटं पदरातून एकेक करून सोडवली. वहिनी बाहेर येऊन गटाराच्या कठड्यावर बसली. रिक्षात बसायला तयार नव्हती, चालायला तयार नव्हती. "मला बी ठेवा म्हना आत," एवढंच म्हणत होती. मला तिचा राग येत होता आणि रडूही येत होतं.

मी समितीत जाऊन म्हटलं, मग मला द्या, मी आत्या आहे, बारावी झालेली आहे, कमावते. त्यांनी विचारलं, राहता कुठे? तेच खोपटं. लग्न? नाही. मॅडम वाईट नाहीत. त्यांनी मला पाणी दिलं आणि म्हणाल्या, "दिपा, उद्या काही झालं तर मी कुणाला उत्तर देऊ? वडिलांना आण."

इथे घरात तर रोज सभा भरते. काकूंचे यजमान प्रभाकरकाका पेपर खाली ठेवून म्हणतात, "देणारे आहेत म्हणून मागणारे आहेत. सगळ्यांनी देणं स्टॉप करा, महिन्यात प्रॉब्लेम सॉल्व्ह." काकू म्हणतात, "मी कुठे पैसे देते? मी बिस्किटं देते." मी काल काकांना विचारलं, सगळ्यांनी देणं बंद केलं तर त्या संध्याकाळी पोरं काय खातील? ते म्हणाले, "अगं, सरकार आहे ना." मग गोळी घेऊन झोपले. माणूस चांगला आहे, पण बाल्कनीतून सिग्नल फार छोटा दिसतो. त्या मोहिमेच्या गाडीत पोरीला बसायला जागा होती, आईला नव्हती. आईला कुठे सावलीत बसून करता येईल असं काम, पोरीला दिवसभर ठेवायला जागा, शाळेत नेणारं कुणीतरी, एवढं जरी कुणी आणलं असतं तर गाडी लागलीच नसती. हे मी काकूंना सांगितलं. काकू म्हणाल्या, "तू बोलतेस छान, एखाद्या संस्थेत का नाही जात?" मी भांडी घासायला घेतली.

आता एक खरं लिहिते, कारण तू तारखा बघशील आणि मला खोटी ठरवशील. शिमगा केव्हाच संपला होता. कमळीला नेलं तेव्हा पाडवाही होऊन गेला होता. मी मॅडमना शिमगा म्हटलं, तुलाही तेच लिहिलं. मला लिहायची लाज वाटली.

दिवाळीनंतर तुझं शनिवारचं येणं बंद झालं. वहिनी कोळशाच्या भट्टीवर कामाला गेली, तिथे तिच्या पायावर निखारा पडला. मालकाने हळद लावायला सांगून घरी धाडलं. पाय चिघळला, तिला उभं राहवेना. माझ्या पगारात तिघींचं आणि तिच्या औषधाचं भागत नव्हतं. शिमग्यात कमळी पोरांबरोबर पोस्त मागायला गेली, तेव्हा सगळेच गेले होते. पण शिमगा संपल्यावर बाकीची पोरं वाडीवर परत गेली आणि ही एकटी जातच राहिली. संध्याकाळी चिल्लर आणायची, कधी वडापाव आणायची. पहिल्या दिवशी वहिनीने दटावलं. दुसऱ्या दिवशी विचारलं नाही. मग तीच तोंड रंगवून द्यायला लागली. तो वडापाव मीही खाल्लाय, दादा. तेव्हा मॅडम काही चुकल्या नाहीत. शिमगा सरल्यावर त्याला भीकच म्हणतात. पोरगी आम्हाला पोसत होती आणि आम्ही पोसून घेत होतो.

आता सगळं कळलंय तुला. शिव्या द्यायच्या असतील तर इथे येऊन दे. पण सतरा तारखेला ये.

दिपा


खांदा कॉलनी
१३ एप्रिल, रविवार

दादा,

आज जे कळलं ते तुला आजच्या आज लिहिलं नाही तर माझं डोकं फुटेल. काशीराम उद्या येणार आहे.

आज मी एकटीच कमळीला भेटायला गेले. वहिनीला ताप आहे. बालगृहाच्या बाई बाहेर फोनवर बोलत होत्या. मी कमळीला जरा रागावूनच विचारलं, "शिमगा संपला हे तुला कळत नव्हतं का गं? एकटी कशाला जायचीस त्या रस्त्यावर? पैशासाठी?" ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जशी काही मीच वेडी आहे. म्हणाली, "आते, दोरी धरली का कोनची बी गाडी थांबते ना?" मी म्हटलं, शिमग्यात थांबते. तर म्हणाली, "मंग बाबाची नाय थांबनार?"

समजलं तुला? मला समजायला वेळ लागला. सिग्नलजवळ, उरणकडून येणाऱ्या ट्रेलरच्या रस्त्यावर उभी राहायची ती. दोरीचं एक टोक खांबाला बांधायची, दुसरं हातात धरायची. तोंडाला कोळसा आणि हळद लावून घ्यायची, कारण रंगवलेलं नसलं तर पोस्त होत नाही, आणि पोस्त नसलं तर गाडी का थांबेल? सगळी पोरं शिमगा संपला म्हणून गेली. हिला वाटलं, तुझी गाडी अजून आली नाही, म्हणजे हिचा शिमगा संपलेला नाही. ट्रेलर हळू झाला की ती वर केबिनमध्ये बघायची. तू नसलास की दोरी सोडायची. ड्रायव्हर लोक वरून नाणं टाकायचे, ते ती उचलायची आणि आईला आणून द्यायची. चिरडली कशी नाही ते देवालाच ठाऊक.

पोलिसांनी तिला विचारलं, किती मिळतात. संस्थेच्या बायांनी विचारलं, कोण पाठवतं. आम्ही तर काहीच विचारलं नाही, हातात आलेलं घेतलं. का उभी राहतेस, हे तिला कुणीच विचारलं नव्हतं. बाईंनी आत डोकावून "वेळ झाली" म्हटलं आणि मी उठून निघाले.

परत येताना मी काशीरामला गाठलं. विचारलं, नीलेशदादाचा ट्रेलर इथूनच जातो ना? तो टेम्पोची काच पुसायला लागला. मी सोडलं नाही. शेवटी म्हणाला, "जायचा आदी. शिमगा झाल्यावर त्यानं रस्ता बदलून घेतलाय. मला इचारू नको गो, माझी दोस्ती हाय."

तू तिला बघितलं होतंस का रे? खांबाला दोरी बांधून उभी असलेली तुझी पोर तुला दिसली, आणि तू रस्ता बदलून घेतलास? लहानपणी मी ओढ्यात पडले होते तेव्हा कपड्यांसकट उडी मारणारा तूच होतास, म्हणून मला विश्वास बसत नाही. तुला लाज वाटली असेल. तिच्यासमोर उतरून काय सांगायचं हे सुचलं नसेल. असं काहीतरी मी माझ्या मनाला समजावतेय.

जाऊ दे. मला उत्तर नको. गुरुवारी अकरा वाजता समितीच्या ऑफिसात ये. तू नाही आलास तर ती जिथे पाठवतील तिथेही रस्ता शोधेल आणि पुन्हा उभी राहील. तुझ्या पाया पडते, ये.

दिपा


खांदा कॉलनी
१८ एप्रिल

दादा,

तू आलास. आधी तेच लिहिते, कारण काल ते सांगायचं राहून गेलं. तू जिन्यावरून वर येताना दिसलास, दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट, हातात कागदांची पिशवी, आणि मी सोबत आलेल्या काकूंचा हात इतका जोरात धरला की त्यांची बांगडी माझ्या हाताला लागली. वहिनी भिंतीकडे तोंड करून रडत होती. तू तिच्याकडे बघितलं नाहीस, पण तिला त्याचं काही नव्हतं. ती मला म्हणाली, "आला गो. पोरीसाटी आला." तुला कितीही शिव्या घातल्या असल्या तरी काल त्या जिन्यावर मी सगळ्या परत घेतल्या होत्या.

मॅडमनी तुझे कागद बघितले, त्यांचं समाधान झाल्यासारखं वाटलं. मग कमळीला आणलं. पुढचं तू पाहिलंसच. मॅडमनी विचारलं, "हे कोण, ओळखतेस?" कमळीने तुझ्याकडे एकदाच बघितलं आणि मान खाली घातली. "नाय." "अगं, नीट बघ. तुझे बाबा ना हे?" "नाय. ह्यो माजा बाबा नाय. मला ठाव नाय कोन हाय त्यो." तू एक पाऊल पुढे गेलास, तशी ती बालगृहाच्या बाईंच्या मागे लपली. तुझा चेहरा काय झाला ते मी बघितलंय. तू कागद पिशवीत भरलेस, "बघा, तीच नाय म्हनते" एवढं बोललास आणि निघालास. मी मागे धावले, हाका मारल्या. तू रिक्षात बसून गेलास.

तुला वाटत असेल, पोरीने तोंडात मारली. किंवा वाटत असेल, सुटलो एकदाचा, आता दिपाला बोलायला तोंड नाही. दोन्हीपैकी काहीही वाटत असलं तरी हे पत्र शेवटपर्यंत वाच.

तू गेल्यावर मॅडम म्हणाल्या, मूल ओळखत नाही म्हटल्यावर आम्ही नुसत्या कागदांवर देऊ शकत नाही, चौकशी लावावी लागेल. आणि इथल्या बालगृहात जागा नाही, म्हणून सोमवारी तिला दुसऱ्या जिल्ह्यातल्या संस्थेत हलवणार. वहिनी ऑफिसच्या फरशीवर बसली आणि कपाळ आपटायला लागली. तिला उचलायला शिपाई आला. सुमतीकाकू, ज्या आयुष्यात कुणाला मोठ्याने बोलल्या नसतील, त्या मॅडमवर ओरडल्या, "अहो, निदान आत्याला दोन मिनिटं भेटू द्या, माणसं आहात ना?" म्हणून मला आत सोडलं.

कमळी कोपऱ्यात स्टुलावर पाय हलवत बसली होती. मी तिला दोन्ही खांद्यांना धरून हलवलं. म्हटलं, "बाबाला ओळखलं नाहीस? ज्याच्यासाठी उन्हात उभी राहायचीस, तो आला तर नाय म्हणतेस?" तिने दाराकडे बघितलं, मला जवळ ओढलं आणि कानात सांगितलं. बालगृहात एक मोठी मुलगी आहे. तिने हिला सांगितलंय, की भीक मागणाऱ्या पोरांना न्यायला जो बाप येतो त्याला पोलीस धरतात. तिच्या बापाला धरलं होतं, अजून सोडलेलं नाही. म्हणून बाबा आला तरी ओळखायचं नाही. हे तिने आधीच ठरवून ठेवलं होतं.

मी हे सगळं मॅडमना सांगितलं. त्यांनी चष्मा काढला. मग म्हणाल्या, सोमवारी सकाळी दहाला गाडी निघते. वडील त्याच्या आधी आले आणि मुलगी आपणहून बोलली, तर मी स्वतः गाडी थांबवते. वडील नसतील तर माझ्या हातात काही नाही. दादा, मॅडम हे लिहून द्यायलाही तयार होत्या, मीच म्हटलं, लिहून नको, तो येईल. मी परत एकदा तुला न विचारता हो म्हणून आले आहे. तू येऊन तिच्यासमोर खाली बस आणि सांग, की मला कुणी धरणार नाही. माझं ती ऐकत नाही. वहिनीचं ऐकत नाही. हे तिला फक्त तुझ्या तोंडून खरं वाटेल.

ती जिल्ह्याबाहेर गेली की चौकशी, कागद, तारखा, आणि आपल्यासारख्यांना तिथवर जायला कोण सांगणार आणि कोण नेणार? वहिनी त्या वाटेवरच मरेल. हे मी तुला भीती घालायला लिहीत नाही. काल रिक्षातून आणली तेव्हापासून तिने पाण्याशिवाय काही घेतलेलं नाही.

मला बाहेर काढताना कमळीने माझी ओढणी धरली. हळूच विचारलं, "आते, बाबा गेला ना? त्याला धरला नाय ना कोनी?" मी म्हटलं, नाही गं, गेला तो रिक्षाने. तेव्हा ती हसली, दादा. केस कापल्यापासून पहिल्यांदा हसली.

दिपा